माउंटन बाइक : पुढचा गिअर मोठ्या चकतीवर चढत नाही आणि लहानीवर टाकताना चेन उतरते

कासवाट (सातारा)

नमस्कार. माझ्याकडे सहा वर्षांपूर्वी घेतलेली, २७.५ इंची चाकांची, पुढे ३ आणि मागे ७ अशा २१ गिअरची माउंटन बाइक आहे. महिन्यातून दोन-तीनदा यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला जाते. एरवी शाळेत जायला-यायला हीच सायकल वापरते. मागच्या गिअरबद्दल काहीही तक्रार नाही. तक्रार आहे ती पुढच्या गिअरची, आणि ती गेले दोन महिने चालू आहे.

मधल्या चकतीवरून मोठीवर चेन जवळजवळ चढतच नाही. डाव्या हाताचा शिफ्टर अंगठ्याने शेवटपर्यंत दाबून धरला, तर पाच-सहा फेरे नुसती खरखर होते आणि मग कधी चेन चढते, कधी नाही. याच्या उलट, मधलीवरून लहानीवर टाकताना ती कित्येकदा लहान चकती ओलांडून आत, बीबीच्या (पॅडलचे दांडे ज्या आसावर फिरतात त्याच्या) नळीवर जाऊन पडते. गेल्या रविवारी ऐन चढावर, मागून एसटी येत असताना असे झाले. पॅडल एकदम रिकामे फिरले आणि मी पडता पडता वाचले.

सायकल दोनदा दुकानात नेली. पहिल्यांदा त्यांनी डिरेलरचे, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणाऱ्या भागाचे, दोन्ही स्क्रू फिरवून दिले. स्टँडवर सगळे ठीक चालले, रस्त्यावर आल्यावर पुन्हा तेच. दुसऱ्यांदा केबल ओढून घट्ट करून दिली. तेव्हा मोठीवर चेन चढू लागली, पण लहानीवर उतरेनाशी झाली. शेवटी मी स्वतःच एक चित्रफीत पाहून स्क्रू फिरवले आणि आता ते मूळचे कुठे होते, हेही मला सांगता येणार नाही.

केबल आणि तिचे कव्हर जूनमध्ये नवे टाकले आहे. चेन जुनी असली तरी दुकानात मापून ती ठीक असल्याचे सांगितले. आणखी एक गोष्ट सांगून ठेवते : त्याच सुमारास डाव्या क्रँकचा बोल्ट सैल राहून त्याचा चौकोनी गाळा झिजला होता, म्हणून पुढचा क्रँकसेट, म्हणजे तिन्ही चकत्या आणि दोन्ही दांडे, नवा बसवून घेतला. तेवढा खर्च केल्यावर तरी सायकल सुधारेल असे वाटले होते. सुधारणा म्हणावी तर एवढीच, की घाटाचा चढ पूर्वीपेक्षा हलका वाटतो. पण तो बहुधा सरावाचा परिणाम असावा. कुठून सुरुवात करावी, हे कोणी सांगू शकेल का?

तेलकट हात (पुणे)

पहिली विनंती अशी, की स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवा. पुढच्या डिरेलरवरचे एल आणि एच हे दोन स्क्रू गिअर ‘टाकत’ नाहीत. पिंजरा, म्हणजे डिरेलरच्या ज्या दोन पत्त्यांमधून चेन जाते त्या, आत किती जाऊ शकेल (एल) आणि बाहेर किती येऊ शकेल (एच), याची ती दोन कुंपणे आहेत. पिंजरा मुळात चुकीच्या उंचीवर किंवा वाकड्या कोनात बसलेला असेल, तर कुंपण कितीही सरकवले तरी काही साधत नाही. एक तक्रार मिटते आणि दुसरी उभी राहते, जसे तुमच्या बाबतीत दोनदा झाले आहे. बहुतेक दुकानांत स्क्रूला पहिला हात लागतो, कारण ते समोर दिसतात. माझा अनुभव असा, की दहांतील सात वेळा दोष उंचीत, कोनात किंवा केबलमध्ये निघतो.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी चेन पुढे लहान चकतीवर घ्या, शिफ्टर १ वर आणा आणि डिरेलरवरचा केबलचा बोल्ट सैल करून केबल पूर्ण मोकळी करा. केबल ताणलेली ठेवून पुढचे काहीही तपासू नका, कारण मग पिंजरा कुठे थांबला आहे ते स्क्रूमुळे की केबलमुळे, हे कळत नाही.

आता उंची. पिंजरा हाताने बाहेर ओढून त्याची बाहेरची पत्ती बरोबर मोठ्या चकतीच्या दातांवर येईल असे धरा. पत्तीची खालची कड आणि दातांची टोके यांत १ ते ३ मि.मी. फट असली पाहिजे. मी मोजपट्टी वापरत नाही, २ मि.मी.ची एल-की (षटकोनी बोल्टची वाकडी चावी) त्या फटीत आडवी घालतो. ती अलगद गेली आणि वर फार जागा उरली नाही, तर उंची बरोबर. त्यानंतर सीटवरून थेट खाली वाकून पाहा : बाहेरची पत्ती चकतीला समांतर दिसली पाहिजे. तिची शेपटी आत किंवा बाहेर वळलेली असेल, तर सीटच्या नळीवरचा क्लॅम्प सैल करून ती सरळ करा. क्लॅम्प आवळताना तो स्वतःबरोबर पिंजरा थोडा फिरवतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा एकदा वरून बघणे आले. हे मला शिकायला दोन वर्षे लागली.

उंची आणि कोन जमल्यावरच एल स्क्रू. चेन पुढे लहान चकतीवर आणि मागे सर्वांत मोठ्या चक्रीवर ठेवा. या स्थितीत चेन सर्वांत आत असते. आतली पत्ती आणि चेन यांत जेमतेम अर्धा मि.मी. फट राहील, म्हणजे चेन घासणार नाही पण जाड कागदाहून जास्त जागाही राहणार नाही, इथे स्क्रू आणून थांबवा. स्क्रू आत पिळला की पिंजरा बाहेर सरकतो. चेन आत पडू नये याची पहिली हमी हीच. कुठला स्क्रू एल आणि कुठला एच, हे डिरेलरच्या प्रकारानुसार बदलते, त्यामुळे अंगावर कोरलेली अक्षरे वाचा. चिखलाने ती बुजलेली असतील, तर जुना टूथब्रश कामाला येतो.

मग केबल. शिफ्टरवर, केबलचे कव्हर जिथे आत शिरते तिथे, हाताने फिरणारा खाचांचा बॅरल असतो. तो पूर्ण आत फिरवून एक-दोन फेरे बाहेर घ्या, म्हणजे पुढे दोन्ही बाजूंना जागा उरते. केबल पकडीने ताठ ओढा आणि बोल्ट आवळा. ताठ म्हणजे ढिलाई काढण्यापुरती. पिंजरा हलेल इतकी नव्हे. केबल बोल्टच्या ज्या बाजूच्या खाचेत बसायला हवी, तिथेच बसली आहे ना, हे नीट पाहा. चुकीच्या बाजूला बसली, तर तरफेची लांबी बदलते आणि प्रत्येक क्लिकला पिंजऱ्याचा प्रवास कमी-जास्त होतो. हा दोष एकदा माझ्या स्वतःच्या सायकलवर मी तीन आठवडे शोधत होतो.

मधल्या चकतीचे जमवणे हे बॅरलचे काम आहे, स्क्रूचे नाही. पुढे मधली, मागे सर्वांत मोठी चक्री, आणि आतली पत्ती चेनला लागता लागता राहील इतका बॅरल फिरवा. तो बाहेर आला की ताण वाढतो आणि पिंजरा बाहेर सरकतो. एच स्क्रू सर्वांत शेवटी : पुढे मोठी, मागे सर्वांत लहान, बाहेरची पत्ती आणि चेन यांत पुन्हा तोच अर्धा मि.मी.

शक्य असेल तर मोठ्या चकतीचे आणि पिंजऱ्याचे बाजूने काढलेले छायाचित्र टाका. उंचीचा अंदाज त्यावरून लगेच येईल.

पंक्चर ते पेंट (कोल्हापूर)

माझे सायकल दुरुस्तीचे दुकान आहे, त्यामुळे वरच्या उत्तरातील दुकानदारांवरचा शेरा मी हसून स्वीकारतो. तो खोटा नाही. क्रमही बरोबर सांगितला आहे. मात्र ताईंच्या प्रश्नातील एक वाक्य सगळ्यांच्या नजरेतून सुटले आहे, असे मला वाटते. क्रँकसेट बदलल्यापासून चढ हलका वाटतो, असे त्या म्हणतात. ताई, सराव असेलच, पण दोन महिन्यांत घाट एकदम हलका होत नाही. नव्या चकत्यांचे दात मोजा.

या वर्गातल्या २१ गिअरच्या सायकलींवर पुढे दोन जोड सर्रास येतात : एक ४८-३८-२८ दातांचा आणि दुसरा ४२-३४-२४ दातांचा. दुकानात जो शिल्लक असतो तो बसवला जातो, कारण बीबीच्या चौकोनी टोकावर दोन्ही बसतात. आकडा बहुतेक वेळा चकतीवर ठोकलेला असतो. नसेल, तर एका दातावर खडूची खूण करून मोजा.

तुमची जुनी मोठी चकती ४८ ची असेल आणि नवी ४२ ची, तर हिशेब सोपा आहे. चेनच्या दोन पिनांमधले अंतर १२.७ मि.मी. असते, म्हणजे चकतीचा एक दात वाढला की परीघ तेवढा वाढतो आणि त्रिज्या साधारण २ मि.मी.ने वाढते. सहा दात कमी झाले, तर चकतीची कड १२ मि.मी. खाली गेली. डिरेलर मात्र आपल्या जागीच राहिला. जिथे २ मि.मी. फट होती तिथे आता १४ झाली. एवढ्या उंचीवरून पिंजरा चेनला ढकलतो ते चकतीजवळ नव्हे, तर तिच्या बऱ्याच मागे. मधल्या मोकळ्या लांबीत चेन नुसती लवते आणि दातांवर येत नाही. उतरतानाही तसेच : पिंजऱ्याचा चेनवर ताबा उरत नाही, ती सुटली की कुठेही जाते. तुमची दोन्ही लक्षणे या एकाच कारणातून निघतात. स्टँडवर चालते आणि रस्त्यावर नाही, हेही त्यातच आले, कारण स्टँडवर चेनवर भार नसतो.

एक आणखी पाहून घ्या. केबलचे कव्हर नवे टाकले म्हणता, ते गिअरचेच आहे ना? गिअरचे कव्हर ४ मि.मी. जाडीचे असते आणि कापलेल्या टोकाकडे पाहिले, तर त्यात उभ्या तारांची टोके गोलाकार ठिपक्यांसारखी दिसतात. ब्रेकचे ५ मि.मी.चे असते आणि आत एकच चपटी तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. ब्रेकचे कव्हर गिअरला लावले, तर ओढ बसताच ते दबते आणि शिफ्टरची थोडी ओढ त्या दबण्यातच जाते. टंचाईच्या दिवसांत आम्ही लोकांनी हा उद्योग केलेला आहे.

आणि पावसाळ्यात कासच्या रस्त्यावर जाता, म्हणजे लाल चिखल आला. तुमची केबल बीबीच्या खालून जात असेल, तर तिथली प्लॅस्टिकची पन्हळ चिखलाने भरते आणि नवी केबलही तिच्यात अडकून चालते. सायकल उलटी करा, ती पन्हळ पाण्याने आणि ब्रशने मोकळी करा, वाळल्यावर तेलाचा एक थेंब सोडा. ग्रीस भरू नका. त्याला माती आणखी चिकटते.

एकच चकती (ठाणे)

या सगळ्या व्यापातून कायमची सुटका हवी असेल, तर पुढचा डिरेलर, डावा शिफ्टर आणि केबल काढून टाकावी आणि पुढे एकच चकती ठेवावी, असे माझे मत आहे. मी तीन वर्षांपूर्वी हे केले आणि त्यानंतर पुढच्या गिअरचा विचारही करावा लागलेला नाही. नव्या माउंटन बाइक बहुतांश तशाच येतात.

तेलकट हात (पुणे)

नव्या बाइकवर पुढे एक चकती असते, पण मागे अकरा किंवा बारा चक्र्या असतात आणि त्यांतील सर्वांत मोठी ५० दातांच्या आसपास असते. ताईंच्या मागे ७ चक्र्यांचे फ्रीव्हील आहे, आणि ते १४ ते २८ दातांचे असावे असे मी धरून चालतो. पुढे ३४ ची एकच चकती ठेवली, तर सर्वांत हलक्या गिअरमध्ये पॅडलच्या एका फेऱ्याला सायकल सुमारे २.६ मीटर पुढे जाईल. २४ च्या चकतीवर तीच १.८४ मीटर जाते. यवतेश्वरच्या चढावर हा फरक म्हणजे सायकल चालवणे आणि हातात धरून चालणे, यांतला फरक आहे. मागचे चाक, शिफ्टर आणि डिरेलर बदलायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी, पण मग तेवढ्या पैशांत दुसरी सायकल पाहावी.

दातांच्या आकड्यांचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता, हे मान्य करतो. आता मोजून काय निघते, याची मलाच उत्सुकता आहे.

राहिले ते गिअर टाकण्याच्या पद्धतीबद्दल, कारण दुरुस्ती झाल्यावरही त्याचा उपयोग होईल. मागचा डिरेलर चेनच्या खालच्या, सैल बाजूवर काम करतो. पुढचा वरच्या बाजूवर, म्हणजे तुमच्या पायांचा सगळा जोर जिच्यातून जातो त्या ताठ बाजूवर. म्हणून मागचा गिअर चढावरही निभावून जातो आणि पुढचा रुसतो. चढ सुरू होण्याच्या आधी, पाय अजून हलके फिरत असतानाच पुढे लहान चकती घ्यावी. उशीर झालाच, तर एक-दोन जोरदार पॅडल मारून वेग मिळवावा, मग अर्धा फेरा जोर सोडून पाय नुसते फिरवत गिअर टाकावा. लहानीवर टाकताना मागची चक्री मधली असेल, तर चेन आत पडण्याची शक्यता आणखी कमी होते.

कासवाट (सातारा)

आपल्या सगळ्यांचे आभार. दात मोजले. मोठ्या चकतीवर ४२ ठोकलेले आहे. मधली ३४ आणि लहान २४. जुना क्रँकसेट दुकानदाराने परत दिला होता आणि तो माळ्यावर एका पोत्यात होता. त्यावर ४८-३८-२८ आहे. म्हणजे घाट हलका वाटण्याचे श्रेय मला घेता येणार नाही. पूर्वी २८ ला २८ असा सर्वांत हलका गिअर होता, आता २४ ला २८ आहे.

पट्टीने मोजले तेव्हा बाहेरची पत्ती आणि दात यांत १४ मि.मी. फट भरली. एल-की कशाला, माझी करंगळी तिथून आडवी जाते. दोन महिने रोज त्या सायकलवर बसूनही हे दिसले नाही, याचे नवल वाटते. पण कुठे पाहायचे तेच माहीत नसले, की दिसत नाही.

केबलचे कव्हर गिअरचेच आहे. टोकाला तारांचे ठिपके दिसतात. बीबीखालची पन्हळ मात्र खरोखरच लाल मातीने बुजली होती. वाळून ती विटेसारखी झाली होती आणि केबलने स्वतःपुरता एक बोगदा कोरला होता. ती साफ केल्यावर शिफ्टरचा दांडा निम्म्या जोराने दाबला जाऊ लागला.

काल संध्याकाळी केबल सोडून क्लॅम्प सैल केला आणि डिरेलर १२ मि.मी. खाली घेतला. २ मि.मी.ची एल-की बरोबर बसली, कोन वरून पाहून लावला. पण आता नवाच प्रकार झाला आहे. हाताने पॅडल फिरवत मधलीवरून मोठीवर टाकताना, पिंजऱ्याची आतली पत्ती मधल्या चकतीच्या दातांना लागते. कर्रर्र असा आवाज येतो आणि पत्तीच्या खालच्या कडेवर चकचकीत ओरखडा उमटला आहे. उंची बरोबर असूनही असे का व्हावे?

पंक्चर ते पेंट (कोल्हापूर)

याची मला धास्ती होती. पहिल्याच उत्तरात लिहायला हवे होते. तुमचा डिरेलर ४८ च्या जोडासाठी घडवलेला आहे. त्या जोडात मोठी आणि मधली यांत दहा दातांचा, म्हणजे त्रिज्येत २० मि.मी.चा फरक होता. नव्या जोडात तो आठ दातांचा, म्हणजे १६ मि.मी. आहे. आतली पत्ती किती खाली लोंबते, हे जुन्या फरकाप्रमाणे ठरलेले आहे, त्यामुळे बाहेरची पत्ती मोठीवर नेमकी बसवली की आतली मधलीवर ४ मि.मी. जास्त खाली येते आणि दातांना भिडते. शिवाय पत्तीची गोलाईही मोठ्या चकतीची आहे. पुढच्या टोकाला २ मि.मी. फट ठेवली, तरी शेपटीकडे ती वाढत जाते.

दोन मार्ग आहेत. पहिला तडजोडीचा : डिरेलर मिलिमीटर-मिलिमीटर वर घेत जा आणि प्रत्येक वेळी पॅडल हाताने सावकाश फिरवून पाहा. आतली पत्ती दातांना लागायची थांबेल, तिथे आवळा. ही जागा ३ ते ४ मि.मी.वर मिळाली तर चालवून घ्या. १ ते ३ हा कंपनीने सांगितलेला आकडा उत्तम कामासाठीचा आहे, ३.५ ला सायकल बंद पडत नाही. ५ च्या पुढे जावे लागले, तर मात्र पहिला त्रास परत येईल.

दुसरा मार्ग ४२ च्या मोठ्या चकतीसाठीचा डिरेलर घेण्याचा. तो मागताना नुसते ‘पुढचा डिरेलर द्या’ म्हणू नका. केबल खालून ओढते की वरून, क्लॅम्प नळीवर पिंजऱ्याच्या वर बसतो की खाली, आणि सीटच्या नळीचा व्यास किती, या तीन गोष्टी सांगाव्या लागतात. व्यास मोजायला कॅलिपर नसेल, तर कागदाची पट्टी नळीभोवती घट्ट गुंडाळून परीघ मोजा. ९० मि.मी. भरला तर २८.६ चा क्लॅम्प, १०० भरला तर ३१.८ चा आणि ११० भरला तर ३४.९ चा. चौथे माप सहसा निघत नाही.

विकत घेण्याआधी एक मोजमाप जरूर करा. सीटच्या नळीच्या मध्यापासून मधल्या चकतीच्या दातांपर्यंतचे आडवे अंतर माउंटन बाइकवर ५० मि.मी.च्या आसपास असते, काहींवर ४७.५. पट्टीने नळीच्या बाहेरच्या कडेपासून दातांपर्यंत मोजा आणि त्यात नळीचा अर्धा व्यास मिळवा. नवा क्रँकसेट बीबीच्या दांड्यावर फार बाहेर किंवा फार आत बसला असेल, तर पिंजऱ्याचा पल्लाच पुरणार नाही. मग डिरेलर नवा आणला तरी पैसे वाया जातील. तिथे बीबी योग्य लांबीची लागते.

कासवाट (सातारा)

कागदाची पट्टी १०० मि.मी. भरली, म्हणजे ३१.८. नळीच्या कडेपासून मधल्या चकतीपर्यंत ३३ मि.मी. आणि नळीचा अर्धा व्यास १६, एकूण ४९. तेव्हा बीबीला हात लावायला नको, असे समजते.

पहिला मार्ग धरला. ३ मि.मी.वर पत्ती एका ठिकाणी अजून निसटती लागत होती, साधारण साडेतीनवर पूर्ण मोकळी झाली. तिथे क्लॅम्प आवळून एल, केबल, मधली आणि एच असा सगळा क्रम पुन्हा केला. एल स्क्रू जवळजवळ दोन पूर्ण फेरे आत पिळावा लागला. माझ्याच हाताने तो इतका सैल झाला होता, की चेन आत पडण्यात माझाही वाटा होता.

आज पहाटे यवतेश्वरपर्यंत जाऊन आले. चेन मोठीवर एका दाबात चढते. क्षणभर रेंगाळते खरी, पण चढते. लहानीवर मुद्दाम दहा-बारा वेळा टाकून पाहिली, त्यांतली निम्मी चढावर. एकदाही आत पडली नाही. उतारावर मात्र मोठी चकती आणि मागची सर्वांत लहान चक्री असतानाही पाय रिकामे फिरायला लागतात. हे पूर्वी होत नव्हते.

दोन शंका उरल्या आहेत. पुढे मधली आणि मागे सर्वांत मोठी चक्री असताना बारीक खसखस ऐकू येते. आणि पुढे लहान, मागे लहान असा गिअर चुकून पडला, तर खालची चेन लोंबून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीवर टकटक आपटते.

तेलकट हात (पुणे)

खसखशीसाठी बॅरल पाव फेरा आत फिरवा. ताण किंचित कमी होऊन पिंजरा आत सरकेल आणि आतली पत्ती चेनपासून सुटेल. त्यानंतर मधलीवरून मोठीवर पुन्हा टाकून पाहा. तिथे आळस दिसला, तर आठवा हिस्सा परत बाहेर. दोन्हींच्या मध्ये एक जागा मिळते, ती हाताने शोधावी लागते.

उतारावर पाय रिकामे फिरणे हा दोष नाही. ४८ ला १४ या जुन्या जोडीत मिनिटाला ८० फेऱ्यांना ताशी सुमारे ३५ किलोमीटर वेग मिळायचा. ४२ ला १४ वर तो ३१ होतो. घाट चढताना जे मिळाले, ते इथून वजा झाले आहे.

लोंबणाऱ्या चेनबद्दल मात्र एक विचारतो : क्रँकसेट बदलताना चेन आखूड केली होती का?

कासवाट (सातारा)

नाही. चेन जशीच्या तशी परत चढवली होती. ती कापावी लागते, हे कोणी बोललेही नव्हते.

पंक्चर ते पेंट (कोल्हापूर)

तर मग तीही ४८ च्या मापाची आहे. चेन चकतीच्या साधारण अर्ध्या घेरावर बसते, म्हणून सहा दात कमी झाले की तीन कड्यांइतकी, म्हणजे जवळपास ३८ मि.मी. चेन जास्त उरते. मागच्या डिरेलरचा हात तेवढी ओढून घेऊ शकला नाही, की ती लोंबते. खडबडीत रस्त्यावर अशी सैल चेन उसळते आणि पुढून सुटायलाही मदत करते. लहान-लहान ही जोडी तशीही वापरायची नसते, कारण चेन फार तिरपी चालते, पण चुकून पडली तर फ्रेमवर आपटू नये, इतपत तरी चेन आवरलेली हवी.

कडी जोडीने काढावी लागतात, एक अरुंद आणि एक रुंद. म्हणून तीन नव्हे, दोनच काढा. कापण्यापूर्वी पुढे मोठी आणि मागे मोठी असा गिअर हाताने टाकून मागच्या डिरेलरचा हात किती ताणला जातो ते पाहा. तिथे दोन कडी सहज निघतील एवढी ढिलाई दिसली, तरच पिन दाबा. आखूड झालेली चेन या जोडीत अडकली, तर डिरेलर मोडून चाकाच्या तारांत जातो. चेन जुनी आहे म्हणता, तर तीच पिन पुन्हा ठोकण्यापेक्षा तुमच्या ७ गिअरच्या चेनला बसणारी जोडकडी लावा.

कासवाट (सातारा)

मोठी-मोठीवर ठेवून पाहिले. हात जेमतेम अर्धा ताणला जातो. दोन कडी काढली आणि जोडकडी लावली. टकटक बंद झाली. बॅरल पाव फेऱ्याऐवजी थोडा कमी लागला. काढलेली दोन कडी जुन्या क्रँकसेटबरोबर त्याच पोत्यात ठेवली आहेत.